रमी ॲप: पाच तारे परत घेतोय

एप्रिल २०२३ मध्ये एका रमी ॲपला मी पाच तारे दिले होते. खाली लिहिलं होतं, ‘उत्तम ॲप. पैसे लगेच मिळतात. धन्यवाद.’ रात्री पावणेबाराला, घरातली सगळी झोपल्यावर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून लिहिलेलं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बाराशे रुपये काढायला टाकले होते, चार मिनिटांत बँकेचा मेसेज आला. तो वाचतोय तोवर ॲपनं विचारलं, ‘आवडलं का? तारे द्या.’ दिले. पुढं अडीच वर्षं ते ॲप माझ्या फोनवर होतं, पण हरल्यावर त्यानं कधी तारे मागितले नाहीत. म्हणून हे दुसरं परीक्षण, न मागता.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सव्वीस वर्षं झाली. टॅली आलं, जीएसटी आला, तरी कच्ची वही अजून मीच हातानं लिहितो आणि रोजची शिल्लक पैशासकट जुळल्याशिवाय उठत नाही. ॲपचं नाव लिहीत नाही. ते आता पैशांचे डाव घेत नाही, आणि उद्या दुसरं नाव लावून आलं तर या नावाचा कुणाला उपयोगही नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं पुष्कळ होतं. एक तर मराठी. ‘रक्कम प्रविष्ट करा’ वाचून कंटाळलेल्या माणसाला ‘तुमची पाळी’, ‘पान उचला’, ‘डाव सोडायचा का?’ असं वाचायला मिळालं की ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटतं. पानं मोठी, चष्म्याशिवाय दिसणारी. तेरा पानं हातात आली की ॲप स्वतःच रंगवार लावून देणार. आमच्या गोडाउनात, पोत्यांच्या थप्पीमागं, जिथं साधा फोन लागत नाही, तिथंही माझा डाव कधी तुटला नाही. चौथी शिकलेला हमाल आणि वाणिज्य पदवीधर दिवाणजी, दोघांनाही सारखंच सोपं. पैसे भरायला दोनदा बोट लावायचं आणि यूपीआयचा पिन टाकायचा, झालं. काढायलाही अडवणूक नाही. आधार, पॅन एकदाच मागितलं, परत कधी नाही. पत्ते कसे पिसले जातात याचं कुठलंसं प्रमाणपत्रही लावलेलं होतं. फसवणूक झाली म्हणून हे लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला फसवलं असतं तर बरं झालं असतं, महिन्याभरात सोडलं असतं.

आता काट्यावर घेऊ.

यार्डाबाहेरच्यांसाठी अडत म्हणजे काय ते सांगतो. शेतकरी हळद आणतो, लिलाव होतो, व्यापारी घेतो. भाव चढो नाहीतर पडो, झालेल्या सौद्यावर अडत्या शेकड्यानं आपली अडत घेतो. शेतकऱ्याला पट्टी मिळते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं त्या पट्टीवर. सव्वीस वर्षं मी त्या पट्ट्या लिहितोय. कुणाला कळो न कळो, मला तरी कळायला हवं होतं की लिलावात हळद कधी विकत न घेणारा आणि कधीच तोट्यात न जाणारा माणूस कोण असतो.

रमीचं ॲप हे अडतीचं दुकान आहे. ते तुमच्याविरुद्ध खेळत नाही. समोर बसलेला दुसराच कुणी असतो, नागपूरचा म्हणा, नाशिकचा म्हणा, आपल्यासारखाच जिन्यात बसलेला. माझं नेहमीचं टेबल रुपया पॉइंटचं, म्हणजे हरणाऱ्याच्या हातात न जुळलेल्या पानांचे जेवढे पॉइंट राहतील तेवढे रुपये. दोघांचा डाव. समोरचा पस्तीस पॉइंटांनी गेला तर मला ३५ रुपये यायला हवेत. यायचे २९ रुपये ७५ पैसे. सव्वापाच रुपये ॲपची अडत, शेकडा पंधरा. पट्टी नाही, काही नाही. पडद्यावर फटाके उडायचे आणि आकडा यायचा, ‘तुम्ही जिंकलात २९.७५’. टक्का लपवलेला नव्हता. नियमांच्या पानावर लिहिलेला होता. मी ते पान वाचलं दोन वर्षांनी.

त्या रात्री कच्च्या वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. रोज साठ डाव. तीस जिंकले, तीस हरले, म्हणजे मी समोरच्याइतकाच हुशार, ना जास्त ना कमी. हरल्याचे तीस गुणिले ३५, १,०५० रुपये गेले. जिंकल्याचे तीस गुणिले २९.७५, ८९२ रुपये ५० पैसे आले. बरोबरीत सुटलेला माणूस रात्रीला १५७ रुपये ५० पैसे खाली. महिन्याला ४,७२५. मग उलटं मांडलं, तोटा होऊ नये म्हणून किती जिंकायला हवेत? शंभरात चोपन्न जिंकले तरी साडेतीन रुपये खालीच राहतो. पंचावन्नावा जिंकला की कुठं वर येतो. आणि समोरचाही तेवढेच डाव खेळून बसलेला, सरावलेला. त्याला कायम शंभरात पंचावन्न हरवायचे म्हणजे तो माणूस झोपेत खेळत असला पाहिजे. आम्ही दोघं एकमेकांना दोनशे-दोनशे रुपये देत घेत बसायचो आणि दोघांच्याही खिशातून पैसे झिरपत जायचे. दुसरा कोण घेतोय ते दोघांनाही दिसत नव्हतं. तो बिचारा अजून मलाच शिव्या देत असेल.

इथं आमच्या तात्यांची आठवण काढायला हवी. तात्या म्हणजे माझे चुलते. ते कल्याण मटका खेळायचे. घरात त्यांचं नाव निघालं की आई अजून तोंड फिरवते. पानपट्टीच्या मागं एकजण बसायचा, बोटभर चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा. तात्या ती चिठ्ठी टोपीच्या घडीत ठेवायचे. मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडता आणि बंद होतानाचा भाव मुंबईला यायचा, त्यावर लोक आकडा लावायचे. १९६१ ला ते बंद पडलं, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. भाव गेले तरी ओपन आणि क्लोज हे शब्द मागं राहिले. एका आकड्याला नऊपट, ओपन-क्लोजचे दोन आकडे मिळून होणाऱ्या जोडीला नव्वदपट. आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे बुकीची अडत दोन्हीकडं शेकडा दहा. तीही दिवसातून दोनदा, एकदा ओपनला, एकदा क्लोजला. मधल्या वेळेत तात्या निदान म्हशीची धार तरी काढायचे.

माझी अडत शेकडा पंधरा आणि दर दोन मिनिटांनी.

पानपट्टीमागचा, पोलिसांना भिणारा, सगळ्या भावकीत बदनाम झालेला तात्यांचा जुगार माझ्या ‘कौशल्याच्या खेळा’पेक्षा स्वस्त होता. हे मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि बराच वेळ नुसता त्याकडं बघत बसलो.

कौशल्याचा खेळ हा शब्द मी सारखा वापरायचो. आमच्या हिला सांगायचो, अगं हा जुगार नव्हे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. तेही खरं होतं. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. आणि १९६८ मध्ये आंध्रच्या एका क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं टाकायचं कुठलं धरायचं याला डोकं लागतं. तीन पानी तशी नाही. त्यामुळं सांगलीच्या पेपरात ‘तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा, इतके जण ताब्यात, इतका मुद्देमाल जप्त’ ही बातमी आणि टीव्हीवर क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये रमीची जाहिरात, दोन्ही एकाच संध्याकाळी बघायला मिळायचं. पण माझ्या मुलीनं तो निकाल शोधून मला वाचायला लावला, तेव्हा पुढचं एक वाक्य सापडलं. खेळ रमीचाच असला तरी पैसे लावून चाललेल्या डावातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे कोर्टालाही १९६८ ला अडतच खटकली होती. आम्ही निकालाचं पहिलं पान वाचून खेळायला बसलो.

पुढचा जीएसटीचा भाग कोरडा आहे, पण मी दिवाणजी आहे, सोडवत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के लागला. शंभर भरले की कर त्यातच धरून २१ रुपये ८८ पैसे सरकारला, खेळायला ७८ रुपये १२ पैसे. बोंब होऊ नये म्हणून ॲप तेवढाच बोनस वर टाकायचं आणि पडद्यावर शंभरचे शंभर दिसायचे. बोनस खेळायला चालतो, काढायला चालत नाही. आम्ही म्हणायचो, वा, कंपनीनं कर स्वतःच्या अंगावर घेतला. माझ्या हातून ऑक्टोबर २०२३ नंतर ७,४२,४०० रुपये भरले गेले, त्यातले १,६२,४०० सरकारजमा. एवढ्या पैशात आमच्या गल्लीची गटार झाली असती. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, एप्रिल २०२४ मध्ये, दोन हजार भरून नऊ हजार काढले, तेव्हा सात हजारांवर तीस टक्क्यांनी २,१०० टीडीएसही कापला. पुढं वर्षभर हरलोच, म्हणून रिटर्न भरून तेवढे परत मिळवले. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा या प्रकरणात झालेला फायदा तेवढाच.

एकूण: भरले ९,१४,३५०. काढले ५,२७,९००. फरक ३,८६,४५०. पगार महिन्याला बावीस हजार.

काढलेल्या रकमेकडं बघा. सव्वापाच लाखांच्या वर मी घरी आणलेत. म्हणजे शेकडो वेळा जिंकलो. आमच्या हिला मिक्सर आणला तो जिंकलेल्याच पैशातून, तो अजून चालतो. हरलेला माणूस म्हणजे रोज हरणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. रोज हरलो असतो तर खेळलो कशाला असतो.

ग्राहक सेवा. हिला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हळदीची आवक जोरात होती, रात्री नऊ-नऊपर्यंत दुकानात, नऊ दिवस ॲप उघडलं नाही. दहाव्या दिवशी फोन आला.

“नमस्कार सर, कसे आहात? नऊ दिवस झाले, दिसला नाहीत. तब्येत बरी आहे ना?”

मी म्हटलं, “सीझन चालू आहे हो, वेळ नाही.”

“असं होय. जेवण वेळेवर करा काका.” सरचा काका कधी झाला कळलंही नाही. “तुमच्यासाठी पाचशेचा बोनस ठेवलाय. आज रात्री बारापर्यंतच आहे, म्हणून म्हटलं आठवण करावी.”

मुलीच्या वयाची पोर, आपल्याच भागातलं मराठी. माझा सख्खा भाऊ हरिपूरला असतो, त्या नऊ दिवसांत त्याचा फोन नव्हता. रात्री साडेअकराला मी जिन्यात. पाचशे एकदम मिळाले नाहीतच, खेळत जाल तसे दहा-दहानं मोकळे होणार. ते पाचशे मोकळे करायला मी तेवीसशे घालवले. त्या पोरीचा राग नाही मला. तिलाही कुणीतरी रोजचे आकडे मागत असेल.

आणि रोजची मर्यादा घालायची सोयही होती बरं का. ती कुठं होती ते मुद्दाम मोजलं: मेनू, माझं खातं, सेटिंग, जबाबदारीनं खेळा, मर्यादा. पाच ठिकाणी बोट लावायचं. एकदा गणपतीत शपथ घेऊन पाचशेची घातली. तिसऱ्या दिवशी वाढवून मागितली, चोवीस तासांत वाढवून मिळाली, वर ‘विनंती मान्य झाली, अभिनंदन’.

पुढचं लिहावं की नाही यावर आठ दिवस घालवले.

मे २०२४. चिकोडीकडचे एक म्हातारे हळद घेऊन आले होते. पट्टी झाली ४१,२६० रुपयांची. बँकेत घालू नका म्हणाले, सोसायटी परस्पर कापून घेते, रोख द्या. शेठनी चेक दिला, मी बँकेतून रोख आणली. दुपारी दोनची गोष्ट. आदल्या रात्री मी अकरा हजार हरलो होतो आणि हात जळत होते. बँकेच्या दारातच पैसे भरायचं मशीन आहे. म्हटलं तासाभरासाठी चाळीस हजार खात्यात घालू, अकरा हजार काढून घेऊ, चार वाजता त्यांना पट्टी देऊ. दोन रुपये पॉइंटवर कधी बसलो नव्हतो, त्या दिवशी पाचवर बसलो. साडेतीनला शिल्लक होती साडेसहाशे.

म्हातारे दुकानाच्या पायरीवर तांब्या घेऊन बसले होते. मी सांगितलं, “बँकेचा सर्व्हर डाऊन आहे, रोख निघेना झालीय. उद्या सकाळी देतो.”

ते म्हणाले, “आता मी मागारी जाऊन परत कुठं येऊ. राहतो हितंच.”

लिलावाच्या शेडात रिकाम्या बारदानावर झोपले. मी घरी जेवायला गेलो. जेवलोही. सकाळी सहाला यार्डात आलो तर ते नळावर तोंड धूत होते. खांद्यावरचा टॉवेल हळदीनं पिवळा झालेला. मला बघून म्हणाले, “दिवाणजी, झाला का चालू सर्व्हर?” दुपारी बारापर्यंत एका खाजगी सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी उचलले आणि त्यांचे ४१,२६० मोजून दिले. त्यांनी परत मोजलेसुद्धा नाहीत. “तुमच्यावर इस्वास हाय,” म्हणाले आणि माझ्या टेबलावर पिशवीतनं दोन आंबे काढून ठेवले.

शेठना हे नंतर मीच सांगितलं. त्यांनी कामावरून काढलं नाही. गल्ल्याची किल्ली मात्र मागून घेतली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी सकाळी दुकानात येऊन, गल्ला उघडला जायची वाट बघत उभा राहतो. पुढच्या सीझनला म्हातारे परत हळद घेऊन आले. राम राम झाला. पट्टीच्या वेळी हसत म्हणाले, “काय, औंदा सर्व्हर बरा हाय न्हवं?” त्यांना कळलेलं होतं की नुसतीच चेष्टा होती, मला अजून उमगलेलं नाही.

माझ्या एकट्याचं असतं तर परीक्षण लिहिलं नसतं. आमच्या दुकानात हमालांच्या उचलीची वही माझ्याकडंच असते. उचल म्हणजे कामावर फेडायचे आगाऊ पैसे. कोण कशासाठी घेतो ते मी कारणासकट लिहितो, ती माझी जुनी सवय. आधीची पानं चाळली तर पोरीचं लग्न, आईचं मिरजेला ऑपरेशन, २०१९ च्या महापुरात भिंत पडली, पेरणी, देवाचं. २०२३-२४ च्या पानांवर तरण्या पोरांपुढं एकच शब्द परत परत लिहिलेला आहे, ‘घरगुती’. लिहिताना मला कळत होतं घरगुती म्हणजे काय ते, कारण माझ्या घरच्या वहीत मी स्वतः ‘किरकोळ’ लिहीत होतो. दुपारच्या सुट्टीत पूर्वी हे सगळे चहाच्या गाड्यावर असायचे. नंतर गाडेवालाच म्हणायला लागला, दिवाणजी, माणसं तेवढीच, पण चहा कमी. कपाला दहा रुपये आणि पॉइंटला एक रुपया, त्यामुळं पोरांना चहा महाग वाटायला लागला होता. एक पोरगं चांगलं उंचपुरं, पन्नास किलोचं पोतं फुलासारखं उचलायचं, अठ्ठावीस हजारांची उचल अंगावर ठेवून गावाला गेलं ते परत आलंच नाही. ती बाकी अजून वहीत ओढतोय.

खेळ वाईट असं मी म्हणणार नाही. हरिपूरला आमच्या ओट्यावर गणपतीच्या जागरणाला रमी बसायची, अजून बसते. दहा पैसे पॉइंट होता, आता रुपया. रात्रभर खेळून जास्तीत जास्त दोन-तीनशे इकडचे तिकडं. जिंकणारा पहाटे सगळ्यांना भडंग आणि चहा देणार, हा नियम. पैसा पाचजणांतच फिरायचा, ओट्याखाली उतरायचा नाही. शेकडा पंधरा कापून घेणारं तिथं कुणी नव्हतं. सरकारी लॉटरीही १९६९ पासून चालूच आहे. स्टँडजवळून दिवाळी बंपरचं एक तिकीट मी दरवर्षी घेतो, लागत नाही, पण तिकिटाच्या किमतीपलीकडं जातही नाही, आणि ते तिकीट मला रात्री दहाव्या दिवशी फोन करून जेवलात का म्हणून विचारत नाही. यार्डातल्या काही व्यापाऱ्यांची पोरं गाडी करून पणजीला कॅसिनोत जातात. त्यांनाही आंबोलीचा घाट उतरून परत चढून यावं लागतं. मला जिन्याच्या तीन पायऱ्या होत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचं अशाच एका कंपनीचं नावसुद्धा उतरलं. त्या वेळी सरकारनं एक अंदाज सांगितला होता, ४५ कोटी लोकांचे वर्षाला वीस हजार कोटींच्या वर जातात. मी लगेच भागाकार केला. माणशी ४४४ रुपये. हे बघून कुणीही म्हणेल, हॅ, एका पिझ्झ्याचे पैसे. सरासरी इतका लबाड आकडा हिशेबात दुसरा नाही. माझे ३,८६,४५० त्या सरासरीत घालायला किती जणांनी काहीच हरलेलं नसलं पाहिजे ते काढून बघा.

बंदीच्या बाजूनं मी आहे का? आहे. पण बंदीनं माझं सुटलं असं म्हणवत नाही. माझं सुटलं ते मुलीमुळं. ती सीएची तयारी करते. तिनं माझं बँकेचं स्टेटमेंट छापून आणलं, एकशेबारा पानं, आणि रमीच्या प्रत्येक ओळीवर पिवळा मार्कर फिरवला. ढीग माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “पप्पा, हे ऑडिटला माझ्याकडं आलं असतं तर मी सही केली नसती.” तिनंच १४४१६ ला फोन लावून दिला. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मग मिरजेच्या एका डॉक्टरांकडं सात-आठ वेळा गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, जिंकायला खेळता की गेलेले परत आणायला? मी म्हटलं, गेलेले परत आणायला. म्हणाले, किती दिवस झाले? मला तारीख सांगता आली, वहीत होती. बाराशे काढले त्यानंतरचा अकरावा दिवस.

आमच्या हिच्या पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. हप्ता डिसेंबर २०२७ पर्यंत.

आणि जे बंद झालं ते कसं बंद झालंय तेही सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून मला अनोळखी नंबरवरून मेसेज येतात. तेच दोन पत्ते, तोच हिरवा रंग, ‘पहिल्या भरण्यावर दुप्पट’. लिंक उघडली नाही, पण मुलीनं तिच्या मैत्रिणीच्या भावाच्या फोनवर बघितलं. पैसे भरायचे ते कुणातरी साध्या माणसाच्या यूपीआयवर, दर वेळी नाव वेगळं. पॅन नाही, टीडीएस नाही, मर्यादेचं बटण नाही, काढायला गेलं तर उत्तर नाही. माझं ॲप निदान चार मिनिटांत पैसे द्यायचं. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी दुसरा.

तर तारे. भाषा, सफाई, वेग, पैसे काढायची सोय, या सगळ्याला पाचपैकी पाच, माझा जुना शब्द मी फिरवत नाही. किमतीला शून्य, कारण किंमत पाटीवर लिहिलेली नव्हती. ग्राहक सेवेला किती द्यायचे ते मला ठरवता येत नाही.

बंद होताना ॲपनं कळवलं होतं की खात्यातली शिल्लक काढून घ्या. माझी शिल्लक होती ३८ रुपये २० पैसे. काढायला टाकले, पुन्हा चार मिनिटांत जमा. तारे मागितले नाहीत. घरची वही आता मुलगी तपासते, म्हणून तिच्यासमोरच जमेच्या बाजूला आकडा लिहिला आणि कुठलं खातं घालावं म्हणून पेन धरून थांबलो. अडीच वर्षांच्या सवयीनं ‘किरकोळ’मधला ‘कि’ लिहूनही झाला होता. तिनं पेन घेतलं, तो खोडला आणि पुढं लिहिलं, ‘रमी’.